करुणाच्या छापखान्याची चूक

करुणा मखरेला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती इंदापूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याशी चिपाडावरून वाद घालत होती. रस काढून झालेली उसाची चिपाडं तिला रोज पोतंभर हवी होती.

"ती म्हशीला जात्यात," रसवंतीवाला म्हणाला. "म्हैस दूध देती. तू काय देणार?"

"तुझ्या पोरीच्या लग्नाची पत्रिका."

"माझी पोरगी अजून दुपट्यात हाय."

"मग हायच की वेळ. कागद निवांत वाळंल."

तो हसला आणि पोतं तिला मिळालं. ही गोष्ट १९९२ सालची. यजमान पाटबंधारे खात्यात होते, उजनी धरणाच्या कामावर इकडे आले आणि निवृत्तीनंतर आम्ही इंदापुरातच घर केलं. ते गेल्यावर मी इथेच राहिले. रोज थोडं लिहायची सवय मला शाळेत सिस्टरनी लावली ती अजून आहे, आणि बाजारातल्या वह्यांच्या कागदावर शाईचं पेन चालवलं की अक्षर पलीकडच्या पानावर फुटतं. ही बाई चिपाडांचा कागद करते आणि वह्या शिवून विकते असं कळल्यावर मी चौकशी करत तिच्या खोलीवर गेले.

स्टँडमागच्या बोळात पत्र्याच्या छपराची ती लांबट खोली होती. मागच्या अंगणात चुलीवर धुण्याच्या सोड्यात चिपाडं शिजत होती. शिजलेली चिपाडं उखळात कुटायची, त्यात छापखान्यातल्या कागदाच्या कात्रणांचा लगदा मिसळायचा, सगळं पाण्याच्या हौदात ढवळायचं आणि जाळीची चौकट बुडवून वर उचलायची. पाणी गळून गेलं की जाळीवर साय धरावी तसा कागद राहतो. तो धडप्यावर उतरवून दाबाखाली ठेवायचा आणि दोरीवर वाळवायचा. रंगानं पिवळसर, अंगात उसाचे धागे दिसणारा असा तो कागद. मी घेतलेल्या पहिल्या वहीत शाई पसरली. मी तसं तिला सांगितलं.

"मग आता काय करू? पैसं देऊ का परत?"

"पैसे नकोत. शाई पसरणार नाही अशी वही हवी."

पुढच्या वहीच्या कागदाला तिनं तांदळाच्या पेजेचा हात दिला होता. त्यावर शाई जागच्या जागी राहिली. तेव्हापासून माझ्या सगळ्या वह्या तिच्याकडच्या, आणि हळूहळू तिची प्रुफं वाचायचं काम माझ्याकडे आलं.

तिचे वडील गंगाराम उभं आयुष्य इंदापुरातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, होते. मालकानं ऑफसेट मशीन घेतलं आणि धंदा बारामतीला हलवला, तेव्हा पायानं चालवायचं जुनं ट्रेडल आणि शिशाच्या खिळ्यांच्या केसा, म्हणजे अक्षरांच्या खणाखणांच्या पेट्या, भंगारात निघाल्या. गंगाराम यांनी त्या मागून घेतल्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आणल्या. पण लवकरच त्यांची नजर गेली. करुणाचं लग्न त्याआधीच मोडलं होतं आणि ती माहेरी परत आली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. वडिलांच्या जागी ती केसेपुढे उभी राहिली. धाकटा भाऊ विकी ट्रेडल चालवायचा.

खिळा म्हणजे शिशाचं एक उलटं अक्षर. खिळे ओळीनं जुळवायचे, दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालायच्या, सगळं एका लोखंडी चौकटीत ठेवायचं आणि कडेनं पाचरी ठोकून घट्ट कसायचं. असं कसलेलं पान म्हणजे फर्मा. तो ट्रेडलवर चढवायचा, पाय मारत राहायचं, एका हातानं कोरा कागद आत घालायचा आणि दुसऱ्या हातानं छापलेला बाहेर काढायचा. करुणाच्या जाड कागदात अक्षर रुतून बसायचं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ओळ हाताला लागायची. लोकांना तेच आवडत होतं.

पत्रिकांवर घालायचे ठसे एका खणात ठेवलेले असत. गणपती, जेजुरीचा खंडोबा, भगवान बुद्ध, कलश, दोन जुळलेले हात. विकी गिऱ्हाइकांना तो खण उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "हितं सगळे गुण्यागोविंदानं ऱ्हात्यात. कुणाला बोलता येत न्हाय ना, म्हणून."

गंगाराम यांचा एक नियम होता, तो करुणानं मोडला नव्हता. लग्नाचा फर्मा अक्षता पडेपर्यंत सोडायचा नाही, म्हणजे खिळे काढून परत केसेत टाकायचे नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, यात शुभ-अशुभ मानता का?

"न्हाय ओ वैनी. आमी दीक्षा घेतल्यापासनं ते सगळं सोडलं. पर लग्नघरात पत्रिका कायम कमी पडत्यात. नवरीच्या मावशीचा शेजारी रुसला, की माणूस सायकल हाणीत येतंय, अजून पन्नास द्या म्हणून. फर्मा सोडला आसंल तर मग परत पहिल्यापासनं जुळवत बसा."

त्यामुळे लग्नसराईत भिंतीला टेकवून फर्मे उभे असत, आणि 'चि. सौ. कां.'मधली अक्षरं संपून जात. एखाद्या आठवड्यात पाच नवऱ्या एकदम आल्या तर करुणा म्हणायची, "आता एकीचं तरी लागल्याबिगर दुसरीला सौभाग्य न्हाय."

विकीला हे सगळं बंद करायचं होतं. बारामतीत कॉम्प्युटरवर पत्रिका करणारी दुकानं निघाली होती. खिळे किलोवर विकायचे आणि त्या पैशात कॉम्प्युटर घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. बहीण-भावांत ठरलं ते असं: १९९५ची लग्नसराई बघायची. गावोगावचं काम आलं तर ट्रेडल राहील. नाही आलं तर करुणानं आडवं यायचं नाही.

त्या उन्हाळ्यात सणसरचे रामहरी तिच्याकडे आले. ऊसवाले, साखर कारखान्याचे सभासद, मोठ्या भावकीतले. त्यांच्या छकुलीचं लग्न बारामतीजवळच्या पिंपळीच्या मुलाशी ठरलं होतं, आणि मुलाकडच्यांनी कुठेतरी करुणाच्या कागदावरची पत्रिका पाहून तशीच हवी म्हणून सांगितलं होतं.

"सगळ्या गावात जाणार पत्रिका," ते म्हणाले. "नीट झाली पाहिजे."

ते गेल्यावर करुणा मला म्हणाली, "काकू, सणसर धरलं की त्येंचे सगळे सोयरे धरले. मग विकी काय बोलंल?"

रामहरींनी आणलेल्या यादीत मुलीच्या चुलत्यांमधलं पहिलंच नाव पेनानं खोडलेलं होतं. सोपान, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. करुणानं यादी वर करून ते दाखवलं.

"हे खोडलेलं घ्यायचं न्हाय ना?"

"न्हाय."

"चुलते ना मुलीचे?"

"हुते," रामहरी म्हणाले आणि उठले.

कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत बोलणं बंद होतं, हे आम्हाला मागून कळलं. करुणानं खोडलेलं नाव सोडून बाकीची पत्रिका जुळवली, मी प्रूफ वाचलं, रामहरींनी पुन्हा येऊन त्यावर सही केली. मी तिथे होते म्हणून त्यांनी मलाही लग्नाचं तोंडी आमंत्रण दिलं. पत्रिका छापून झाल्या, विकीनं त्या सणसरला पोचवल्या आणि फर्मा भिंतीला लागला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रामहरींची बायको बनाबाई आली. पदरात मेथीची जुडी, ती आधी तिनं करुणापुढे ठेवली आणि मग बाकावर टेकली.

"पत्रिका झ्याक झाल्या," ती म्हणाली. "पर मला अजून दहा-बारा लागत्यात."

"देते की. फर्मा उभाच हाय."

"तशा न्हाय. सोपानभावजींचं नाव घालून."

करुणानं हातातला खिळा खाली ठेवला. "दादांनी सांगितलंय?"

"त्येंला कशाला सांगायचं? पत्रिका वाटायचं काम माझ्याकडं हाय. भावजींच्या घरी आन त्येंच्या सासुरवाडीला तेवढ्या दिन. बाकी कुणाला दिसायच्या न्हाईत."

गंगाराम कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "बाई, एका लग्नाला एकच पत्रिका आसती."

"एका आईला दोन ल्योक आसत्यात तवा दोन लागत्यात, आबा." बनाबाईचा आवाज चढला नाही. "छकुलीला शाळंत पयल्या दिवशी भावजींनी खांद्यावर नेली. तिच्या लग्नात त्यो बांधावर बसून मांडवातली वाजंत्री ऐकणार व्हय? नाव नसंल तर त्यो येणार न्हाय. मला एवढंच पायजे, की त्यो यावा."

करुणा नाही म्हणेल असं मला वाटत होतं. पण ती भिंतीजवळ गेली, फर्मा उचलून दगडी टेबलावर आडवा केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर दया वगैरे काही नव्हती. कोडं घातल्यावर हुशार मुलीचं होतं तसं तिचं झालं होतं. पान भरलेलं, एक ओळ वाढवायला जागा नाही. मग तिनं पाचरी सैल केल्या, ओळींमधल्या जाड पट्ट्या एकेक काढून पातळ घातल्या आणि निघालेल्या जागेत सोपानरावांची ओळ बसवली, चुलत्यांमध्ये पहिली. पुन्हा कसलं, एक पत्रिका काढली आणि माझ्यापुढे धरली.

"सांगा काकू, कुठली ओळ मागनं घातली?"

मला सांगता आलं नाही. मी वाचून पाहिलं, शुद्धलेखन बरोबर होतं.

गंगाराम एवढंच म्हणाले, "तुझं हात चांगलं हायत. पर हे काम चांगलं न्हाय."

बाकीच्या काढून झाल्यावर बनाबाई त्या पदराखाली घेऊन गेली.

ज्या गोष्टीचा तिनं विचार केला नव्हता ती म्हणजे गेणबाचं दुकान. सणसरला गेणबाचं किराणा दुकान आहे आणि त्याला आलेल्या सगळ्या लग्नपत्रिका तो दारातल्या तारेला टाचून ठेवतो. सोपानराव तंबाखू घ्यायला तिथे गेले आणि बोलता बोलता म्हणाले, की कितीही वाकडं असलं तरी दादानं नाव पहिलं घातलंय. गेणबानं मान वर करून तारेवरची पत्रिका वाचली आणि म्हणाला, "कुठंय? ह्यात तुमी न्हाय." सोपानरावांनी घरून आपली पत्रिका आणली. दुकानात जेवढी माणसं होती तेवढ्यांनी दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

दुसऱ्याच दिवशी रामहरी मोटारसायकलवरून छापखान्यात आले. मी त्या वेळी प्रूफ वाचत बसले होते. त्यांनी दोन्ही पत्रिका करुणापुढे टाकल्या.

"ह्या दोन तऱ्हा कशा झाल्या? माझी सही कशावर हाय?"

"नाव नसलेल्यावर."

"मग ह्यात सोपान कुठनं आला? गेणबाच्या दुकानात तमाशा झाला काल. कुणी सांगितलं हुतं घालायला?"

विकीनं ट्रेडल थांबवलं. करुणानं एकदा वडिलांकडे पाहिलं. बनाबाईचं नाव तिच्या ओठावर होतं, ते मला दिसत होतं. ते घेतलं असतं तर ती मोकळी झाली असती.

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या यादीत नाव हुतं, मागनं खोडलेलं. मी ती ओळ आधीच जुळवून ठेवली हुती. थोड्या पत्रिका अजून काढल्या त्यात चुकून लागली."

"चुकून?"

"व्हय."

रामहरींनी दोन्ही पत्रिका उचलून पुन्हा ताडून पाहिल्या. राग उतरला नव्हता, पण डोक्यात काहीतरी दुसरं चाललं होतं.

"म्हणजे चूक छापखान्याची," ते शेवटी म्हणाले.

"व्हय."

"तसं सांगू मी गावात?"

"सांगा."

त्यांनी दोन्ही पत्रिका घडी करून खिशात घातल्या आणि गेले. गाडीचा आवाज लांब गेल्यावर विकी म्हणाला, "तायडे, तू येडी हायस का?"

"दहा-बारा पत्रिकांची तर चूक हाय. त्यात काय?"

लग्नाला करुणा, विकी आणि मी एस.टी.नं गेलो. बनाबाईनं निरोपावर निरोप पाठवले होते. मांडव मोठा होता, ऊन रणरणत होतं, आणि अक्षता पडायच्या आधी सगळ्या लग्नांत चालतं तसं माइकवर पाहुण्यांचं स्वागत चाललं होतं. कोण कुठल्या गावाहून आला, कुणाचा कोण, कारखान्याचे कोण. पुढच्या रांगेत पांढरा फेटा बांधून सोपानराव बसलेले होते. बनाबाई त्यांच्या बायकोबरोबर ओट्यावर उभी होती. करुणा ते बघत होती आणि तिला बरं वाटत होतं, असं मला वाटलं.

मग माइकवरच्या माणसानं रामहरींच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि वाचली, "एक दिलगिरी. छापखान्याच्या चुकीमुळं नवरीचे सख्खे चुलते श्री. सोपानराव यांचं नाव निमंत्रण पत्रिकेत छापायचं राहून गेलं. तरी भाऊबंदांनी आणि सोयऱ्यांनी मोठ्या मनानं समजून घ्यावं. चूक छापखान्याची हाय, घराची न्हाय."

लोक हसले. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "कुठला छापखाना रं?" आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं, "इंदापूरची ती करुणा! चिपाडाच्या कागदावर छापती ती!"

विकी उठलाच. करुणानं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

"सोड मला. तू नाव घातलंस, आन ह्यो म्हणतो..."

"बस खाली."

"सगळ्या गावापुढं?"

"बस म्हणते ना. नवरी आली."

तिनं कबूल केली होती ती चूक दहा-बारा पत्रिकांत नाव आल्याची. रामहरींनी सांगितली ती चूक गावभरच्या पत्रिकांत नाव राहिल्याची. दोन्हीत किती अंतर आहे हे त्या मांडवात फक्त आम्हा तिघांना, बनाबाईला आणि स्वतः रामहरींना माहीत होतं, असं मला तेव्हा वाटलं. रामहरींचं काम मात्र झालं होतं. खोडणारा भाऊ राहिला नाही आणि खोडला गेलेला भाऊही राहिला नाही. दोघे एकमेकांच्या शेजारी उभे राहून आहेर घेत होते. आम्ही पंगतीत बसलो, जेवलो. वाढायला आलेल्या एका पोरीनं करुणाला विचारलं, "तुमीच का त्या?" करुणा म्हणाली, "मीच ती. भात वाढ."

संध्याकाळच्या एस.टी.नं आम्ही परत आलो.

त्या सराईत सणसरहून पुढचं एकही काम आलं नाही. एक ठरलेली पत्रिका परत गेली, मग त्यांच्या पळसदेवच्या सोयऱ्यांची गेली. 'तिथं नावं ऱ्हात्यात' हे वाक्य बाजारात ऐकू यायला लागलं. पत्रिकेत नाव राहणं ही आमच्या भागात लहान गोष्ट नाही. माणसं त्यावरून दहा वर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. पावती पुस्तकं, जयंतीची हस्तपत्रकं, जवळच्या बौद्ध कुटुंबांच्या लग्नाच्या पत्रिका आणि माझ्यासारख्यांच्या वह्या, एवढ्यावर छापखाना चालत राहिला. उन्हाळा संपला तेव्हा विकीनं ठरल्याप्रमाणे विषय काढला.

"दिवाळीनंतरची तुळशीच्या लग्नापुढची सराई बघू दे," करुणा म्हणाली.

"त्यात काय बघणार? सणसर तर गेलं."

"बघू दे म्हणते ना."

तो थांबायला तयार झाला, पण एक भंगारवाला येऊन केसांमधले खिळे बघून गेला. करुणानं त्याला चहा दिला आणि खिळ्यांना हात लावू दिला नाही.

बनाबाई एकदा बाजारात भेटली. करुणानं तिला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, "वैनी, माझं नाव गेलं. ते तुमी परत आणायचं."

बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "कसं आणू? बोलले तर दोघं परत तुटत्यात. आन मालक मला घरात ठेवत्याल का?"

"मग माझं काय?"

बनाबाई पदरानं डोळे पुसत निघून गेली. त्यानंतर करुणा तिच्याशी बोलेनाशी झाली. मला ते तेव्हा थोडं कठोर वाटलं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सोपानराव स्वतः छापखान्यात आले. उंच, वाळका माणूस, बोलणं सावकाश. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

"पत्रिका करायच्यात. ह्याच कागदावर."

"आमच्यात नावं ऱ्हात्यात," करुणा वर न बघता म्हणाली. "सणसरला विचारा."

"मी सणसरचाच हाय."

"मग ठावं आसंल की."

सोपानराव बाकावर बसले. "नाव चुकून ऱ्हातं, करुणाताई. चुकून येत न्हाय. आन आलं तर नेमकं माझ्याच दारात? मला तवाच कळलं हुतं, हे कुणाचं काम."

करुणानं आता वर पाहिलं. "मग तवा का न्हाय बोलला?"

"बोललो आसतो तर मांडवात कसा बसलो आसतो?"

"आता बोला की."

"आता बोललं तर वैनी उघड्या पडत्यात. दादा तापट हाय. ते मी करणार न्हाय." ते थांबले. "काम तेवढं घेऊन आलोय."

विकी मला हळूच म्हणाला, "बघा, सगळ्यांची सोय झाली. आमचीच तेवढी ऱ्हायली." गंगाराम यांनी त्याला गप्प केलं.

करुणानं सोपानरावांची यादी घेतली. घरातला वडीलधारा म्हणून निमंत्रकांत पहिलं नाव रामहरींचं होतं. तिनं ते बोटानं दाखवलं.

"काम घेते. पर प्रूफ तुमी वाचायचं न्हाय. ज्यांचं नाव पयलं, त्येंनी हितं येऊन वाचायचं आन सही करायची. सणसरला पत्रिका वाटायच्या त्याबी त्येंनीच."

"दादा येईल का?"

"ते तुमी बघा. भाऊ तुमचा हाय."

रामहरी येतील असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. पण पुतण्याच्या लग्नात पहिलं नाव सोडून देणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. आठवड्यानं ते आले, सोपानरावांच्या मागे मोटारसायकलवर बसून. करुणानं त्यांना खुर्ची दिली आणि प्रूफ पुढे ठेवलं.

"नीट वाचा, दादा. काय राहिलं तर छापखान्याची चूक."

रामहरी खाकरले. खिशातून चष्मा काढला, पुसला आणि वाचायला लागले. एकेका नावावर बोट ठेवून, ओठ हलवत. त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढा मी कधी कुठल्या प्रुफाला घेतला नसेल. शेवटाला आले तेव्हा थांबले. पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव नेहमी इतक्या बारीक अक्षरात असतं की ते कुणी वाचत नाही. ह्या वेळी ते नवरा-नवरीच्या नावांखालोखाल जाड टाइपात होतं: करुणा मुद्रणालय, इंदापूर.

"हे एवढं मोठं कशाला?"

"वाचायला सोपं जातं."

"आजवर नव्हतं एवढं."

"आजवर माइकवर कुणी सांगत नव्हतं."

सोपानराव दाराबाहेर बघत होते. रामहरींनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आन आता लोकांनी मला विचारलं, की त्याच छापखान्यात पुन्हा कशी दिली पत्रिका, तर?"

"तर सांगा काय सांगायचं ते. मागच्या वेळेला मला विचारून सांगितलं हुतं तुमी. एवढं विचारायचं ऱ्हायलं, की काय सांगणार."

त्यांनी सही केली. मराठीत, पूर्ण नावानं.

तुळशीची लग्नं झाल्यावर ते लग्न लागलं. पत्रिका रामहरींनी स्वतः हिंडून वाटल्या आणि गेणबानंही आपली तारेला लावली. भावकीनं ती वरून खालपर्यंत वाचली असणारच, कारण गेल्या खेपेनंतर सणसरची पत्रिका कुणी न वाचता ठेवेल असं नव्हतं. त्यात कुणाचं काही राहिलं नव्हतं. पौषात काही काम नसतं. विकी रोज एकदा भंगारवाल्याचा विषय काढायचा आणि करुणा रोज एकदा कागद भिजायला टाकायची.

माघात सणसरहून एक मध्यमवयीन गृहस्थ आले. यादी घेऊन दारात उभे राहिले, आत यावं की नाही अशा बेतानं.

"रामहरीआबांनी पाठवलं," ते म्हणाले. "म्हणाले, मागं चूक हुती, पर आता बाईंनी सुधारलीय. जा बिनघोर."

विकीनं कपाळाला हात लावला. गंगाराम कोपऱ्यात हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"सुधारली म्हणले व्हय?" करुणा म्हणाली.

"व्हय. का, न्हाय का?"

तिनं यादीसाठी हात पुढे केला. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं, आणि ती ते म्हणणार नाही हेही कळत होतं.

"बसा," ती म्हणाली. "कागद पिवळा घ्यायचा का पांढरा?"

तिनं यादी वाचली, त्यांना मंगळवारी प्रूफ वाचायला बोलावलं, आणि येताना घरातलं सगळ्यांत वडील माणूस बरोबर आणायला सांगितलं. विकीनं भंगारवाल्याला निरोप पाठवला, की तूर्त येऊ नको.